तीन वेळा लाल झालेलं नाव

ही घटना खरी आहे.

वडाखालची पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... यातलं काहीही इथे नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी इथूनच परत फिरावं. अशांसाठी लिहिण्याचा मला कंटाळा आहे.

ही गोष्ट रात्रीचीही नाही. भर दुपारची आहे.

गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. विजयदुर्गची जेट्टी, आणि जेट्टीसमोर एका मच्छीमार संस्थेचं ऑफिस. त्या ऑफिसच्या माडीवरची खोली. वेळ दुपारी साडेबारा ते एक.

ज्याच्याबाबतीत घडलं तो कौस्तुभ, माझ्या मावशीचा मुलगा. त्याने मला हे एकदाच सांगितलं, मी मध्ये बोलायचं नाही या बोलीवर. मी बोलले नाही. आता बोलतेय.

कौस्तुभ मूळचा कणकवलीचा, पण हे तो आपण होऊन कुणाला सांगायचा नाही. नऊ वर्षं पुण्यात काढली आणि पहिल्याच वर्षी मालवणी टाकली. आई फोनवर "जेवलंस मां?" विचारायची, तर हा "हो, जेवलो" असं बातम्या दिल्यासारखं उत्तर द्यायचा. वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात याचं नाव निघालं. घरी परत आला तो सगळ्या गावाने मिळून आपला अपमान केल्यासारखं तोंड करून.

इथली वीज वाईट, नेट वाईट, माणसं त्याहून वाईट. दिवसभर हेच.

तेवढ्यात संस्थेचं काम आलं. त्यांचं एक जुनं ॲप होतं, ते नव्याने उभं करून द्यायचं होतं.

ॲप साधंच होतं. पहाटे होडी सुटताना तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाने, किंवा मालकाने मोबाइलवर 'गेलो' दाबायचं. किती माणसं ते लिहायचं. परत आल्यावर 'आलो' दाबायचं. बाहेर असलेल्या होडीचं नाव लाल, परत आलेलीचं हिरवं. ठरल्या वेळेला नाव हिरवं झालं नाही तर संस्थेत आणि आजूबाजूच्या होड्यांवर मेसेज जायचा.

बस, एवढंच.

ते लिहिलं होतं सनोबर नावाच्या मुलीने. गावातलीच. कॉलेज संपवून घरी बसून, मोबाइलवर व्हिडिओ बघत जावास्क्रिप्ट शिकली आणि हे ॲप उभं केलं. पाच वर्षं एकटीने सांभाळलं. मग तापाने आजारी पडली आणि चौथ्या दिवशी गेली. त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत त्या ॲपला कुणी हात लावला नव्हता. माडीवरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ते आपलं चालत राहिलं होतं.

संस्थेचं ऑफिस बघायचे नुरुद्दीनचाचा. सनोबर त्यांची मुलगी.

हे कौस्तुभला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी त्याने त्यांच्यासमोरच तिचा कोड उघडला आणि हसला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. असलं ॲप कुणी एकटं लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेली शेकडो तयार पॅकेजं त्याला टेकू देत असतात. ती वेळच्या वेळी नवी करावी लागतात. दोन वर्षं हात लावला नाही की एक टेकू बदलायला जावं तर दहा कोसळतात.

कौस्तुभने पहिल्या दिवशी पॅकेजं बसवायला घेतली आणि स्क्रीनभर लाल इशारे आले. तो चाचांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. हे बंद पडलंय, हे धोक्याचं आहे, हे वापरणं जगाने कधीच सोडलंय. चाचा उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, की पण रोज चालतं तर आहे ना? यावर कौस्तुभने जे उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. त्यालाही सांगताना लाज वाटली, आणि त्याला लाज सहसा वाटत नाही.

प्रोजेक्ट कसा उभा करायचा याची एक सूचनांची फाइल सनोबरने लिहून ठेवली होती. मराठीत. आधी हे बसवा, मग ही आज्ञा द्या, चूक आली तर घाबरू नका, पुन्हा द्या. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, नवीन काहीही चढवलं की पहिले पंधरा दिवस स्वतः जेट्टीवर उभं राहून माणसं मोजा.

हे वाक्य कौस्तुभने स्क्रीनशॉट काढून पुण्यातल्या मित्रांना पाठवलं. सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे पाठवले.

मग त्याला ती गोष्ट सापडली.

'आलो' दाबल्यावर ॲप लगेच नाव हिरवं करत नव्हतं. अकरा सेकंद थांबत होतं. नुसतं. स्क्रीनवर एक चक्र फिरायचं आणि खाली 'थांब' असं एक बटण यायचं. ते दाबलं की 'आलो' मागे. नाही दाबलं तर अकरा सेकंदांनी हिरवं.

वर सनोबरने लिहून ठेवलं होतं, "हे काढू नका."

पेजवर एक सेकंद वाचवायला लोक पुण्यात रात्रंदिवस घासतात, आणि ही बाई अकरा सेकंद मुद्दाम वाया घालवते! कौस्तुभने चाचांना बोलावून विचारलं, की हा काय मूर्खपणा?

चाचा बोलले ते इतक्या सपाट आवाजात, की कौस्तुभला आधी वाटलं ते भलतंच काही सांगतायत.

सनोबरला एक धाकटा भाऊ होता. शाहीद. एका संध्याकाळी त्याची होडी परत आली, जाळी उतरवली, मासळी गेली, सगळे घरी गेले. मागच्यांना वाटलं शाहीद पुढून उतरला. पुढच्यांना वाटलं मागून. घरी वाटलं जेट्टीवर बसला असेल. पहाटे कळलं, तो होडीतून उतरलाच नव्हता. तो होडीत नव्हताच.

त्यानंतर सनोबरने हे ॲप लिहिलं. जेट्टीवर उभी राहून तिने घड्याळ लावून बघितलं होतं, होडीतल्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघायला किती वेळ लागतो.

अकरा सेकंद.

कौस्तुभ म्हणाला, भावना समजतो, पण कोड असा लिहीत नाहीत.

आणखी एक गोष्ट होती. ती चाचांनी नाही, एका होडीच्या मालकाने सांगितली. त्याला सगळे भाई म्हणायचे. भाईचं म्हणणं, की सनोबर गेल्यापासून त्या अकरा सेकंदांत मोबाइलमधून आवाज येतो. बारीक, सर्दी झाल्यासारखा. बाईचा.

"सगळे इले मां?"

सगळे आले ना, एवढंच विचारतो. मग माणूस आपसूक मागे वळून होडीत बघतो.

आठ-दहा तांडेलांनी ऐकला होता म्हणे. कौस्तुभने सगळा प्रोजेक्ट धुंडाळला. आवाजाची एकही फाइल नाही. आवाज वाजवणारी एकही ओळ नाही. त्याने भाईला सांगितलं, कान तपासून घ्या. आणि खाली येऊन चाचांना म्हणाला, तुमच्या गावात लोकांना काय काय ऐकू येतं!

चाचा म्हणाले, "लोकांका येता. मी बाप आसंय. माका एकदाय ऐकाक येवक नाय."

कौस्तुभ पुन्हा वर गेला आणि अकरा सेकंद काढून टाकले.

काढल्याबरोबर तपासण्या नापास होऊ लागल्या. कोड बदलताना काही मोडलं नाही ना, हे आपोआप बघणाऱ्या या तपासण्या असतात, आणि प्रत्येकीला एक नाव द्यावं लागतं. लोक नाव देतात 'तपासणी एक', 'तपासणी दोन'. सनोबरने दिलेलं पहिलं नाव होतं, "शाहीद उतरला नाही तर होडी आली म्हणू नका."

समोर लाल फुली.

कौस्तुभने कोड दुरुस्त केला नाही. तपासणीच पुसली.

सोमवारी संध्याकाळी त्याने नवीन ॲप चढवलं. दुसरीकडच्या भाड्याच्या सर्व्हरवर. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, गुंडाळून त्याच्यावरच ठेवली. चाचांनी त्यावर एक फुलाफुलांचा कपडा पांघरला.

मंगळवारी सकाळी नऊला कौस्तुभ वर येऊन बसला. ॲप झकास चालत होतं. दाबलं की हिरवं. दाबलं की हिरवं. जेट्टीवरून वास येतो म्हणून त्याने खिडकी लावून घेतली आणि लॅपटॉपवर ऊन पडतं म्हणून पडदाही ओढला.

सव्वाबाराला चाचा जेवायला आणि नमाजला घरी गेले.

बारा वीसला 'लक्ष्मीप्रसाद' हिरवी झाली. ही भाईची होडी. चार माणसं, तांडेल लवू. सकाळपासून बाहेर असलेली ती शेवटची. आता सगळी यादी हिरवी. कौस्तुभने त्या यादीचा फोटो काढला, पुण्याला पाठवायला.

खाली ऑफिसात फोन वाजला.

बराच वेळ वाजला. थांबला. परत वाजला.

याने उचलला नाही. कुणाला तरी पासवर्ड आठवत नसेल. जिना कोण उतरणार?

मग...

मग त्याचं लक्ष यादीकडे गेलं. 'लक्ष्मीप्रसाद' लाल होती.

आता हे नीट वाचा. नवीन ॲप कौस्तुभने स्वतः लिहिलं होतं. एकदा हिरवं झालेलं नाव परत लाल व्हायला एकच मार्ग होता, की होडीने पुन्हा 'गेलो' दाबायचं. तसं कुणी दाबलं नव्हतं. नोंदच नव्हती.

त्याने पेज पुन्हा उघडून बघितलं. लाल.

त्याला वाटलं, पोरीच्या कोडातलं काहीतरी खरकटं राहिलंय. त्याच्याकडे मुख्य अधिकार होते. त्याने स्वतःच ते नाव हिरवं केलं. बारा एकतीस.

वीज गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर आणि मोबाइलच्या नेटवर चालू राहिला.

आणि तेव्हा त्याला जाणवलं, की पंख्याबरोबर बाकीही सगळं थांबलंय. कावळे नाहीत. जेट्टीवरचा बर्फ फोडण्याचा आवाज नाही. खालच्या चहावाल्याचा रेडिओ नाही. खिडकी लावलेली असली तरी समुद्र ऐकू यायचाच. तो पण नाही.

कानात कापूस घातल्यासारखं झालं.

टक्...

टक्... टक् टक्...

कुणीतरी टाइप करत होतं. जुन्या जाड बटणांचा आवाज. सवयीच्या हाताचा. थोडं लिहायचं, थांबायचं, वाचायचं, परत लिहायचं.

आवाज कोपऱ्यातून येत होता. फुलांच्या कपड्याखालून.

कपडा हलत नव्हता. वायर गुंडाळलेली, त्याच्यावर तशीच होती.

टक्.

शेवटचं एक बटण जोरात दाबल्यासारखं. आणि लॅपटॉपवर 'लक्ष्मीप्रसाद' लाल झाली.

इथे दुसरा कुणी असता तर खिडकी उघडली असती. चार पावलांवर खिडकी. खिडकीखाली जेट्टी. होडी आली की नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही बघता आलं असतं.

कौस्तुभने बघितलं नाही. का नाही, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, माझ्या स्क्रीनवर चूक दिसत होती, मी स्क्रीनच दुरुस्त करणार ना?

त्याने हिरवं केलं. बारा एकोणचाळीस.

मग तो भडकला. भीती नव्हती ती, मला सांगताना त्याने हे दोनदा सांगितलं. चीड होती. एक मेलेली पोर आपल्या कामात लुडबूड करतेय याची चीड. सनोबरचा जुना सगळा कोड त्याने नव्या प्रोजेक्टमध्ये एका फोल्डरात ठेवला होता. तो त्याने काढला. आधीच्या बदलांचा इतिहास होता, तिचं नाव असलेला, पाच वर्षांचा. तोही पुसला. सूचनांची फाइल पुसली. तिचं एक अक्षर ठेवलं नाही. मग तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि यादीकडे बघत राहिला.

हिरवी. हिरवी. हिरवी.

दहा मिनिटं काही झालं नाही. बाहेर अजूनही काहीच ऐकू येत नव्हतं.

मग खोलीत वास आला. मासळीचा नाही. भिजलेल्या माणसाचा. खारं पाणी अंगावर वाळतं तेव्हा येतो तसा.

नाव लाल झालं.

आणि त्याच्या मागून, उजव्या खांद्याच्या जरा वर...

"सगळे इले मां?"

आवाजात राग नव्हता. धमकी नव्हती. एखादी बाई कामात असताना तिसऱ्यांदा तेच विचारते तशी ती विचारत होती. नाक चोंदलेलं. दमलेली.

कौस्तुभ वळला नाही. त्याची मान वळतच नव्हती. हात मात्र चालत होता. त्याने हिरवं केलं. बारा बावन्न.

आणि तोंडातून उत्तर गेलं. मालवणीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"इले गो. सगळे इले."

...

पंखा सुरू झाला. कावळे ओरडले. खाली रेडिओ लागला.

नाव हिरवंच राहिलं.

एक वाजून पाच मिनिटांनी चाचा वर आले. कौस्तुभचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पण पठ्ठ्या बोलला काय? म्हणाला, तुमच्या मुलीच्या कोडात घोळ होता, 'लक्ष्मीप्रसाद' आलेली असूनही सारखी लाल होत होती, मी निस्तरलं.

चाचांनी विचारलं, कितीदा?

तीनदा, हा म्हणाला.

चाचांनी पुढे ऐकून घेतलं नाही. ते सरळ खिडकीकडे गेले, पडदा फाडल्यासारखा बाजूला केला आणि खिडकी उघडली.

'लक्ष्मीप्रसाद'ची जागा रिकामी होती.

पुढचं सगळं भराभर झालं. चाचा साठी उलटलेले, पण जिना दोन उड्यांत उतरले. जेट्टीवरून तीन होड्या सुटल्या. वारा फिरला होता, खाडीच्या तोंडाशी पाणी उसळत होतं. पाऊण तासाने 'लक्ष्मीप्रसाद' सापडली. इंजिन बंद, आत गुडघाभर पाणी, नुसती वाहत चाललेली.

आत तीन माणसं होती.

दीपेश नावाचा खलाशी जेट्टीवर येऊन बसला आणि त्याने सांगितलं. जाळं होडीखालच्या, इंजिनाच्या पंख्यात अडकलं. लवू तांडेल सुरी घेऊन पाण्यात उतरला. जाळं अर्धं सुटलं तेवढ्यात लाटेने होडी त्याच्या डोक्यावर आपटली. दोर हाताला लागला म्हणून तो लटकून राहिला. वर घ्यायला जावं तर होडी उलटायला बघत होती. मोबाइल भिजून बंद. कुणीतरी येईल म्हणून सगळे ओरडत राहिले. लवूसुद्धा ओरडत होता. अर्धा तास त्याने दोर सोडला नाही.

एक वाजायच्या जरा आधी सोडला.

तो अजून सापडलेला नाही.

मग 'आलो' कुणी दाबलं? भाईने. घराच्या पडवीतून त्याला खाडीत शिरणारी एक निळी होडी दिसली, तिला तो आपली समजला. दाबलं आणि पुन्हा बघतो तर दुसऱ्याची. त्याने 'थांब' शोधलं. अकरा सेकंद असायचे ना. ते नव्हतं. नाव हिरवं होऊन बसलेलं. म्हणून त्याने ऑफिसात फोन लावला. दोनदा लावला. नाही उचलला तेव्हा त्याला वाटलं, चाचा जेवायला गेले असतील, येतीलच, होडीही येईल. दुसरीकडे लावायचं त्याला सुचलं नाही. तो आता कुणाशी बोलत नाही. पडवीत बसतो, समुद्राकडे पाठ करून.

संध्याकाळी चाचांनी कौस्तुभला एकच गोष्ट विचारली. "तुका काय ऐकाक इला?"

दोन वर्षं ज्या आवाजाची हा माणूस वाट बघत होता, तो कौस्तुभच्या खांद्यावर येऊन बोलून गेला होता.

कौस्तुभ म्हणाला, नाही. स्क्रीनवर दिसलं फक्त.

चाचा खाली गेले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कौस्तुभने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. नाव लाल कुणी केलं ते त्याला बघायचं होतं. लाल केल्याची एकही नोंद नव्हती. हिरवं केल्याच्या चार होत्या. बारा वीसची भाईची. बाकी तीन, वेळेसकट, त्याच्या स्वतःच्या नावावर. बारा एकतीस. बारा एकोणचाळीस. बारा बावन्न.

त्याने त्या पुसल्या. नियमित देखभाल, असं कारण लिहिलं.

बाराव्या दिवसानंतर आनंदीबाई ऑफिसात आल्या. लवू तांडेलाची बायको. बरोबर सून होती, ती दारातच थांबली. बाईंचा हात कपाळावर जायचा, कुंकवाच्या जागेवरून बोट फिरायचं आणि हात परत खाली यायचा. कौस्तुभला बघून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. झोप येत नाही म्हणाल्या. डोळे मिटले की एकच विचार येतो, की ते ओरडत होते तेव्हा किनाऱ्यावर कुणाला काही कळलं होतं का.

नाव लाल दिसलं म्हणून होड्या सुटल्या, एवढं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी विचारलं, "तू थंय बसललंस मां? ह्यांच्या होडीचा नाव लाल झाला तेव्हा किती वाजलले?"

चाचा टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर केली.

कौस्तुभ म्हणाला, "एक वाजून पाच मिनिटं. दिसल्या दिसल्या सांगितलं मी."

आनंदीबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलत होते. एक वाजायच्या आधीच तर ते गेले. मग त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की कौस्तुभला वाटलं बाई आता पडते.

"मगे बरा," त्या म्हणाल्या. "मगे कोणाचो दोष नाय."

उठताना त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तू होतास म्हणून तिघे तरी परत आले, असं म्हणाल्या. देव तुझं भलं करो म्हणाल्या. पिशवीतून दोन नारळ काढून टेबलावर ठेवले.

याने ते घेतले. हो, घेतले. मी नंतर विचारलं.

चाचांनी सगळं ऐकलं होतं. तीनदा लाल झालं, हे त्यांना त्या दुपारी कौस्तुभने स्वतःच सांगितलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत, कशासाठी ते मला कळत नाही. बाईंना शांत झोप लागावी म्हणून असेल. याला वाचवायला तर नक्कीच नाही. दुसऱ्या दिवशी कौस्तुभ आला तेव्हा माडीला कुलूप होतं, आणि त्याची बॅग खाली पायरीवर ठेवलेली होती.

आता तो बेंगळुरूला असतो. नोकरी चांगली आहे म्हणतो. तिकडच्यांना तो कोकणातला आहे हेही ठाऊक नाही. मला त्याने हे सांगितलं कारण त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आवाज कुणाचा, टाइप कोण करत होतं, हे तो विचारत नाही. तो वेगळंच विचारतो.

चौथ्यांदा नाव लाल का झालं नाही?

बारा बावन्नला ती थांबली. का थांबली? लवूने त्याच वेळी दोर सोडला, म्हणून विचारण्यासारखं काही उरलं नाही? की याने "सगळे इले" म्हणून सांगितलं आणि तिला ते खरं वाटलं?

दोन्हींपैकी एक मला सांग, असं तो फोनवर म्हणत होता. लवू आधी गेला असेल, असं सांग.

मी सांगितलं नाही. मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी त्याला सांगितलं असतं का, हेही माहीत नाही.

मी हे लिहिणार आहे म्हटल्यावर त्याने अट घातली, की नावं बदल. मी होडीचं नाव बदललं आहे. वेळा बदललेल्या नाहीत. त्याचं नाव बदललेलं नाही.

लिहून आठ दिवस झाले. रोज उघडते, वाचते, पेजवर न टाकताच बंद करते. कारण आनंदीबाईंना आता झोप लागते असं ऐकलंय.

आणि त्यांची सून हे पेज वाचते. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सासूला मोठ्याने वाचून दाखवते.